तळाला पोचा आलेली पायली

मित्रांनो, मी धान्य मापायची एक जुनी पायली आहे. लोखंडी पत्र्याची. कशेळे गावात एका घराच्या माळ्यावर पालथी पडलेय. थकलेय. तरी एकदा सांगतेच, कारण माझ्यापायी गावात एक खोटं पसरलं होतं.

कर्जतच्या लोहाराने मला घडवलं तेव्हा माझा तळ ताटासारखा सपाट होता. सहदेव मास्तरांनी मला घेतलं. मास्तर ख्रिस्ती. शाळा सुटली की प्रार्थना घ्यायचे. सुगीत गाव मला मागून न्यायचं. पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन. दाणे बसावेत म्हणून दर मापाला मला जमिनीवर आपटायचे. किती वर्षं आपटलं! तळ हळूहळू आत चेपला. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. काठोकाठ भरले की मला वाटायचं, झालं माप.

मग एका साली भात पोटरीतच, लोंबी बाहेर यायच्या आधीच, वाळलं. मिशनने बरोब्बर चाळीस घरांचा तांदूळ पाठवला, घराला दोन पायल्या, घर कुठल्याही देवाचं असो. मास्तरांनी तो माझ्याने वाटला. सगळ्यांना देऊन झालं, तरी गोणीत तांदूळ उरला. मास्तरांचे डोळे भरून आले. तिथेच गुडघे टेकून त्यांनी देवाचे आभार मानले. देवाने बरकत दिली, अशी गावभर बोलवा झाली. पाच-सहा जण तर म्हणाले, रविवारी प्रार्थनेला येतो. इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गावातली गोदूबाई तांदळाचं फडकं आणि घरची पायली घेऊन दारात आली. हळूच म्हणाली, "मास्तर, माज्या पायलीत दुसरं माप भरत नाय. चार बोटं कमी येतंय."

मास्तरांनी मला उलटं केलं. पोचा पाहिला. 

ओटीवर शेजारचा बुधाजी होता. त्याला हसू आवरेना. "म्हंजे देवानं बरकत दिली ती आमच्या फडक्यातनं काढून व्हय?" मग मास्तरांचं तोंड बघून त्याला कणव आली. "जाऊ द्या, गप ऱ्हावा. देव करंल ते चांगलंच म्हनता ना तुमी? त्याच्या मनात आसंल कमी द्यायचं."

"नाय रं बुधाजी," मास्तर म्हणाले. "देवाच्या मनात आलं म्हनून खोटं खरं व्हत नाय. आन् खरं काय ते बगायला त्याला दुसऱ्याचं मापबी आनावं लागत नाय. त्याचा सोभावच खरा हाय. त्याला पोचा येत नाय. त्याचं नाव घिऊन मी ही बरकत कशी ठेवू?"

उरलेला तांदूळ घेऊन मास्तर चाळीस दारं फिरले. गोदूबाईच्या पायलीने ज्याचं कमी भरलं ते भरून दिलं. दर दारात स्वतःच्या तोंडाने सांगितलं, बरकत नव्हती, माझं माप खोटं होतं. रविवारी ती पाच-सहा माणसं आली नाहीत. बुधाजी मात्र मरेपर्यंत त्यांना 'बरकत मास्तर' म्हणायचा.

लोहार म्हणाला, ठोकून सरळ करतो. मास्तर नको म्हणाले. नवी पायली आणली. तेव्हापासून घरातून जाणारं धान्य नवीने मोजायचे आणि घरात येणारं माझ्याने. मी भरले की म्हणायचे, बास, पुरं झालं.

मास्तर जाऊन फार वर्षं झाली. मित्रांनो, माळा आवरताना कधीतरी मी तुमच्या हाती लागेन. भंगारात टाकलंत तरी माझी तक्रार नाही. पण कुणाला काही द्यायला मला काढू नका. वापरायचंच असेल, तर घेताना वापरा.