रंगवलेली काहील

आधी मला नीट बघून घ्या, मित्रांनो, मग ऐका. मी एक जुनी लोखंडी काहील आहे. तीन पाय, त्यातला एक सांधलेला. अंगावर चकचकीत काळा रंग. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरातल्या एका गावाच्या सभागृहात मी काचेमागे बसते. खाली पाटी आहे: ‘गव्हर्नर ॲम्ब्रोज थेअर यांनी अनाथ बालपणी याच काहिलीत एकट्याने मेपलचा रस आटवला.’ ती वाचताना मुलं डोक्यावरच्या टोप्या काढतात. मी मात्र लाजेनं तापते, आणि खाली जाळ तर नसतोच.

मला विकत घेतलं होतं सेलेस्टीन नावाच्या विधवा बाईनं. वर्षभर ती माझ्यात लोकांचे कपडे उकळायची आणि मार्च आला की मला वाळूनं घासून रस आटवायला घ्यायची. तिचा मुलगा ॲम्ब्रोज मेपलच्या खोडांतून ठिबकणारा रस धरायला झाडांना टांगलेल्या बादल्या उतरवून आणायचा. ती जाळ घालायची, मळी काढायची. रस फसफसून वर आला की दोरीला लोंबणारा डुकराच्या चरबीचा तुकडा त्याला लागायचा आणि फेस मुकाट खाली बसायचा. पहिला पाक ती बर्फावर ओतून, गोळीसारखा चिवट झाला की त्याला द्यायची. घरात फ्रेंच आणि भांडणं, दोन्ही भरपूर होती.

पोरगा हुशार निघाला. शहरात गेला, आडनाव बदललं, निवडणुकीला उभा राहिला. तो खरंच मोठा झाला, हे मी नाकारणार नाही. डोंगरातल्या गावांना रस्ते त्यानंच दिले. बर्फात अडकणाऱ्या मुलांना शाळेत नेणाऱ्या घसरगाड्या त्यानंच सुरू केल्या. पण पहिल्या निवडणुकीआधी तो घोडागाडी घेऊन, सभांत लोकांना दाखवायला म्हणून, मला न्यायला आला, तेही मी विसरलेले नाही.

“तू म्हणे भाषणात सांगतोस, आई लहानपणीच गेली,” सेलेस्टीन म्हणाली. तिचे हात साबणाच्या पाण्यात होते.

“धुणेवालीच्या पोराला कोण मत देईल, आई? त्यात फ्रेंच.”

तिनं हात बाहेर काढून पुसले. मग म्हणाली, “काहील नीट बांध. तिचा एक पाय कच्चा आहे.”

निवडणूक झाली तेव्हापासून मी काचेमागे. गंजू नये म्हणून मला रंग देतात. रंगवलेल्या काहिलीत काही शिजवता येत नाही, पण ते कुणाला हवंच होतं कुठे? दर मार्चला गावसभा भरते, कुणीतरी मूल माझ्याजवळ उभं राहून त्या अनाथ पोराची गोष्ट सांगतं आणि टाळ्या पडतात.

यंदाच्या सभेत नव्या शाळेला नाव द्यायचं होतं. ‘थेअर’ हे तर ठरल्यातच जमा होतं. गोष्ट सांगायला निवडली होती आठवीतली डेल्फीन. सभेआधी ती तिच्या मेमेरला, म्हणजे आजीला, घेऊन माझ्यापाशी आली.

“सांगूनच टाकते, मेमेर.”

“लोक म्हणतील, गव्हर्नरच्या गोतावळ्यात घुसायला निघाली.”

“म्हणू देत. एकदा त्यानं सेलेस्टीनला भाषणात मारून टाकलं. आज शाळेवर ते नाव कोरून आपण पुन्हा मारणार.”

मेमेरनं तिची कॉलर सरळ केली. “मग मोठ्यानं सांग. पुटपुटू नकोस.”

डेल्फीन उभी राहिली. तिनं रस्ते सांगितले, घसरगाड्या सांगितल्या. मग गावातल्या सगळ्यात जुन्या रसवाल्याकडे वळली. “वेल्डन काका, तुम्ही एकट्यानं काहील राखून दाखवाल?”

“वेड लागलंय का, पोरी? मी बादल्या आणायला गेलो की इकडे रस करपलाच. दोघं लागतातच.”

“मग त्या एवढ्याशा पोराचा जाळ कोण घालत होतं?”

मित्रांनो, तिथला प्रत्येक जण रस आटवत मोठा झालेला, प्रत्येकाच्या हातावर भाजल्याचा डाग. आणि इतक्या वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. वेल्डन काकांनी हळूच मान खाली घातली.

“त्याची आई,” डेल्फीन म्हणाली. “सेलेस्टीन. ती जिवंत होती. माझ्या मेमेरची पणजी, गव्हर्नरच्या धाकट्या बहिणीकडून; आमच्या घरात ही गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगतात.”

“पुरावा काय?” मागून अर्ल नावाचा एक रसवाला ओरडला. “उद्या म्हणशील, मीच गव्हर्नर.”

मेमेर उठली. “पुरावा तुझ्या बायकोला विचार, अर्ल. ती नसती तर तुझ्या पाकाचा दरवर्षी कोळसा झाला असता.”

लोक हसले, अर्लही हसला. मग एकदम कुणीच हसेना.

सभा चालवणाऱ्या हॉलिसबाईंनी मत घेतलं. “थेअर नावाच्या बाजूचे ‘हो’ म्हणा.” एरवी या ‘हो’नं खिडक्या थरथरायच्या. आज दोन-तीन ‘हो’ उमटले आणि तेही अर्धवट राहिले. शाळेचं नाव अजून ठरलेलं नाही. माझी पाटी मात्र त्याच दुपारी काढली.

शनिवारी वेल्डन काकांनी मला अंगणात मांडलं आणि जाळ लावून रंग जाळून टाकला. काय घाण वास सुटला, मित्रांनो! माझ्या कच्च्या पायाखाली कुणीतरी दगड सरकवला. मग डेल्फीननं बादल्या आणल्या, मेमेरनं जाळ घातला आणि पहिला पाक बर्फावर ओतला.

मित्रांनो, मोठ्या माणसांना जपा, पण माझ्यासारखं रंगवून काचेमागे ठेवू नका. त्यांना घासा, पारखा, कच्चा पाय असेल तर तोही दाखवा. आता माझ्याखाली खरा जाळ असतो. तरी अंग तापतं त्यातलं थोडं अजून लाजेचंच. ते राहू द्या. पुढच्या वेळी कुणी ‘एकट्यानं’ म्हणालं, की जाळ कोण घालत होतं, तेवढं विचारा.