सिग्नल न पोचणारी भिंत

नव्या घरात राहायला येऊन महिना होत आला तरी वायफायचं घोंगडं भिजतच पडलं होतं. पदार्थविज्ञान शिकून नोकरी शोधत घरी बसलेली मीच, म्हणून दादाने ते माझ्या गळ्यात घातलं.

"प्राध्यापकबाई, एवढी डिग्री घेतलीत. आता घरभर सिग्नल खेळवून दाखवा."

बाहेरून येणारी केबल दादा-वहिनींच्या खोलीत शिरत होती, म्हणून राउटर तिथेच ठेवला. घराचा आराखडा कागदावर काढला आणि फोनवर सिग्नल मोजत खोलीखोलीतून फिरले. जिन्यापाशी थोडा कमी, फ्रिजच्या मागे आणखी थोडा; सगळं अपेक्षेप्रमाणे. मग बाबांच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि आकडा धाडकन खाली आला.

असं व्हायला नको होतं. बाबांचं दार मागच्या बोळात उघडत असलं, तरी दादाची खोली आणि ही, यांच्यात एकच भिंत होती. दादाने दोन्ही खोल्या मुद्दाम अशा लागून ठेवल्या होत्या. जुन्या घरात रात्री-अपरात्री बाबांच्या पायात गोळे यायचे, ते कळवळून हाक मारायचे आणि दादा किंवा वहिनी उठून पाय चोळून द्यायचे. इथे आल्यापासून मात्र एकही हाक आली नव्हती.

"घर मानवलं बाबांना," वहिनी येईल त्याला सांगायची.

तरी दादाने खबरदारी म्हणून उशाशी लावायची घंटी आणली होती. बटण दाबलं की त्याच्या फोनवर वाजणारी. ती चालायची वायफायवर.

माझा फोन बिघडला असेल म्हणून वहिनीचा घेतला. राउटरची जागा बदलली. आकडा हलेना. नुसत्या विटा एवढा सिग्नल खात नाहीत.

"भिंतीत धातू आहे," मी दादाला म्हणाले. "भिंतभर."

"भिंतीत धातू कोण कशाला घालेल? फोन गंडलाय तुझा."

"दोन्ही फोन?"

त्याने घर बांधणाऱ्या मिस्त्रीला फोन लावला, स्पीकरवर.

"ती भिंत होय," मिस्त्री म्हणाला. "ती दुहेरी आहे. मध्ये फोमचे जाड तक्ते भरलेत, वरून चंदेरी फॉइल असलेले. आवाज जाऊ नये म्हणून."

दादाने माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे. बेडवर कपड्यांच्या घड्या घालत होती ती. तिचा हात थांबला.

"मी नाही सांगितलं," ती म्हणाली. तिला कोणी विचारलंही नव्हतं.

"सांगितलं कोणी?" दादाने फोनला विचारलं.

"कोणी म्हणजे? तुमच्या बाबांनी. तुम्ही ऑफिसात असायचात, ते बांधकामावर खुर्ची टाकून बसायचे. घरात बोलू नकोस म्हणाले. मला वाटलं, आतापर्यंत कळलं असेल तुम्हाला."

बाबांनी आयुष्यभर शीतगृहं बांधली. थंडी आत कोंडायची हे त्यांचं काम. कुठला तक्ता काय अडवतो, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

आम्ही तिघं बोळातून वळसा घालून त्यांच्या खोलीत गेलो. ते पेपर वाचत होते. माझ्या हातातला आराखडा बघून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कशावरून ओळखलंस?"

"सिग्नल पडला."

"हं. आवाजाचा हिशेब केला होता, लहरींचा डोक्यातच आला नाही. नापास झालो म्हणायचं."



"बाबा," दादा म्हणाला, "गोळे थांबले म्हणालात तुम्ही."

"इतके येत नाहीत."

"येतात?"

बाबांनी पेपरची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी. "ओरडलं की हलकं वाटतं रे. तेवढं ओरडून घेतो. तुमची झोप कशाला मोडायची? दोघांना सकाळी कामावर जायचं असतं."

दादा पलंगाच्या कडेला बसला. महिनाभर बाबा ओरडत होते, त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. मला जे ठाऊक होतं तेच मी बोलले.

"भिंतीतून केबल काढावी लागेल. इकडे दुसरा राउटर बसवू, मग घंटी चालेल."

"घंटी लावा हवी तर," बाबा म्हणाले. "मी काही ती दाबायचो नाही."

वहिनी तडक आपल्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले, तर ती पलंगावर गुडघे टेकून भिंतीवर पेन्सिलीने फुली मारत होती. तिच्या उशीच्या वर, कानाच्या उंचीला.

"वहिनी, भोक खाली पाडू या. इथून वायर दिसेल."

"वायर तुझी तू खालून ने. हे भोक वेगळं."

दादाने ड्रिल आणलं. विटांचा लाल भुगा उशीवर पडला, मग फोमचा चुरा, आणि मागोमाग ड्रिलच्या टोकाला गुंडाळून चंदेरी चिंध्या आल्या. ड्रिल पार गेलं. दादाने ते बंद करून बाहेर ओढलं, आणि भोकातून बाबांचा आवाज इकडे आला, शेजारी बसून बोलावं तसा.

"अरे, वाया घालवलीत की भिंत."

वहिनीने भोकाला तोंड लावलं. "बाबा, आज रात्री ओरडलात की मी येणार आहे," ती म्हणाली. "आणि नाही ओरडलात तरी येऊन बघणार आहे."

पलीकडून पेपरच्या घड्या उलगडल्याचा आवाज आला, अगदी स्पष्ट. दादा ड्रिल हातात धरून तसाच उभा होता.