मधात थांबू नका

"भाऊ, थांबा ना भाऊ!"

वळणावर वर केलेला हात दिसला आणि अश्वजितचा पाय सवयीने ब्रेकवर गेला. पिकअप थांबली. सवयीनेच त्याने किल्ली फिरवून इंजिनही बंद केले. म्हातारे माणूस चढताना गाडी हलू नये म्हणून तो नेहमीच असे करायचा. किल्ली फिरली, सगळे गप्प झाले आणि मग त्याला कळले की आपण काय करून बसलो. त्याने मनातल्या मनात स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली.

दहा मिनिटांपूर्वीच इंजिनाचा आवाज जड झाला होता. खालून तापलेल्या लोखंडाचा वास येऊ लागला होता. म्हणजे सायलेन्सरच्या पोटातल्या जाळीत साचलेली काजळी जळायला लागली होती, तीही आपोआप, पंधरा दिवसांत पहिल्यांदाच. आणखी पंधरा मिनिटे गाडी अशीच पळाली असती तर जाळी मोकळी झाली असती.

"एटापल्लीच्या दवाखान्यात सोडून द्या ना," कोलू म्हातारा सुजलेला पाय ओढत जवळ आला. "पाय पाहा कसा झाला माहा."

"बसा बाबाजी," अश्वजित म्हणाला आणि खाली उतरून त्याने म्हाताऱ्याला काखेत हात घालून पुढच्या सीटवर चढवले. आपल्याला कुठे जायचे आहे, हे त्याने सांगितले नाही. सांगितले असते तर म्हातारा बसलाच नसता.

सकाळी सहा वाजता धाकट्या भावाचा, विक्कीचा, नागभीडहून फोन आला होता. आई, बायनाबाई, पहाटे गेली. झोपेतच गेली. माती तीन वाजता करू, तोवर ये, असे विक्की रडत रडत म्हणाला होता. अश्वजित तेव्हा एटापल्लीच्याही पलीकडे, जंगलातल्या शेवटच्या गावात मीठ-तांदळाची पोती उतरवत होता. मालकीण माधवीताई फोनवर म्हणाल्या, "गाडी घेऊन सिधा जा. मले काही विचारू नोको." अडीचशे किलोमीटर. साडेसहाला निघालेला माणूस दोनपर्यंत आरामात पोचला असता. आईचे तोंड शेवटचे पाहायला मिळाले असते. त्याला त्याहून जास्त काही नको होते.

त्याने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले, पण तो जड आवाज काही परत आला नाही.

नवी गाडी आली तेव्हा चंद्रपूरच्या वर्कशॉपमध्ये अंकुश नावाच्या मेकॅनिकने त्याला सगळे नीट समजावून दिले होते. धुरातली काजळी जाळीत अडकते. मोठ्या रस्त्यावर गाडी अर्धा तास एका दमात पळाली की ती आपोआप जळते. नाही जळली तर समोर दिवा लागतो. मग गाडी उभी करून बटण दाबायचे, इंजिन आपले आपण रेस घेते आणि अर्ध्या तासात जाळी साफ होते. "फक्त मधात थांबू नका भाऊ," अंकुश म्हणाला होता. "मधात बंद केलं का सगळं पाण्यात."

आता अश्वजितला मधात थांबू नको म्हणणे म्हणजे कमालच होती! ज्या रस्त्यावर दिवसातून एकदा बस येते, आलीच तर, त्या रस्त्यावर सात वर्षे तो प्रत्येक हातासाठी थांबत आला होता. बाळंतपणाला निघालेली बाई असो, शाळेतून आलेली पोर असो, मोहाच्या टोपल्या असोत, कोणालाच नाही म्हणायचे नाही. आसपासच्या गावांत त्याचे नाव कोणाला माहीत नव्हते, पण 'थांबनारा भाऊ' म्हटले की लहान पोरगेही सांगे. याचा त्याला मनातून फार अभिमान होता. बायको संघप्रिया चिडवायची, की तुम्ही पिकअप चालवता का बस? तेही त्याला आवडायचे.

दिवा लागून पंधरा दिवस झाले होते. त्याने तीनदा बटण दाबले आणि तिन्ही वेळा मध्येच बंद केले. एकदा खालची वाळलेली पाने धुमसायला लागली, ती पायाने विझवावी लागली. दोनदा माणसे ताटकळत उभी होती. वीस मिनिटे झाली, अजून दहा राहिली, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? तो म्हणायचा, करू उद्या.

उद्या करू हे तो आईलाही म्हणत आला होता. फेब्रुवारीत गेला तेव्हा म्हातारी गाडीला हात लावून म्हणाली, "मले बसव ना एकडाव समोर. नागपूरले दीक्षाभूमीवर घेऊन चाल." तो म्हणाला, पुढच्या वेळी नक्की, आज माल आहे. जगासाठी थांबणारा हा माणूस आईच्या दारात कधी सलग दोन रात्री थांबला नव्हता.

आठ वाजता चढावर दुसरा दिवा लागला, लाल. गाडीचा दमच गेला. पायाने पेडल पार तळाला दाबले तरी काटा वीसच्या पुढे जाईना. इंजिनाला इजा होऊ नये म्हणून ही नवी गाडी आपणच आपला गळा आवळून घेते.

तिथेच थांबून बटण दाबायचे, हे त्याला कळत होते. पण एकदा का थांबलो तर पोचणार नाही अशी भीती त्याच्या मनात बसली होती. आयुष्यभर थांबत आला आणि नेमका तिथे थांबला नाही. चाललो तर आहोत, रांगत का होईना, असे म्हणत त्याने दीड तास गाडी तशीच रेटली. कोलू दोनदा म्हणाला, "आज गाडी काऊन अशी चालून राह्यली?" त्याने नुसता गिअर बदलला.

एका टेकाडावर गाडीने मान टाकली; इंजिन चालू, पण चाक पुढे सरकेना. बाजूच्या मोहाखाली बाया फुले वेचत होत्या. त्यातली सोमारी त्याला ओळखून पुढे आली. तिच्या सुनेला याच गाडीतून त्याने बाळंतपणाला नेले होते.

"काय झालं भाऊ?"

"गाडीतली काजळी जाळा लागते. अर्धा तास उभी ठेवून. पन खाली हे पानं... पेटन ना जंगल."

सोमारीने त्याच्या तोंडाकडे पाहिले. "आनखी काय झालं?"

तेव्हा कुठे त्याच्या तोंडून निघाले. "माय मेली माही. तीन वाजता माती आहे. नागभीडले."

कोलूने कपाळाला हात लावला. "अन् मले बसवलं? अरे, काऊन थांबला रे बापा!"

सोमारीने बायांना हाक मारली. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालची जमीन या बाया रोज झाडून लख्ख करतात. त्याच झाडण्या घेऊन त्या गाडीभोवती वाकल्या. सोमारी चक्क गाडीखाली शिरली. एक पान, एक काडी ठेवली नाही. वर हंड्यातले पाणी शिंपडले, प्यायला आणलेले. पाच-सात मिनिटांत गाडीखाली नुसती लाल माती राहिली.

अश्वजितने बटण दाबले.

काहीच झाले नाही. त्याने पुन्हा दाबले, धरून ठेवले. इंजिन होते तसेच गुरगुरत राहिले. लाल दिवा तेवढा लुकलुकला. किल्ली बंद करून, शंभरपर्यंत मोजून त्याने तिसऱ्यांदा दाबले. बाया झाडण्या हातात धरून बघत होत्या.

त्याने अंकुशला फोन लावला. टेकाडावर एक दांडी नेटवर्क होते.

"लाल दिवा कवाचा आहे भाऊ? आठचा? अन् तशीच चालवली?" अंकुश म्हणाला. "मंग आता बटण नाई घेत. काजळी बहुत झाली. लॅपटॉप लावूनच जाळा लागन. आठलेच उभी केली असती तर साफ झाली असती."

झाले. एटापल्ली अजून पंधरा किलोमीटर होती आणि तिथली सकाळची बस कधीच निघून गेली होती. दुपारची धरली तर नागभीडला पोचेपर्यंत अंधार पडला असता. त्याने हिशेब दोनदा केला आणि सोडून दिला. जाळी त्यानेच भरू दिली होती, कोणाला बोल लावणार?

मग विक्कीचाच फोन आला. "दादा, कुठी पोचला?"

"पोचून नाई राह्यलो रे."

पलीकडे बायांचे रडणे ऐकू येत होते. विक्की म्हणाला, "सगळे आले आहेत. तुह्यासाठीच थांबून राह्यले. सांजपर्यंत थांबवतो मी मायले. मोठा पोरगा आहेस तू. थांबवू का?"

दहाच वाजले होते, तरी ऊन अंगाला चावत होते. नागभीडच्या त्या पत्र्याच्या घराची अश्वजितला पुरती कल्पना होती. त्याला हो म्हणायचे होते. सगळा जीव हो म्हणत होता.

"नोको," तो म्हणाला. "मायले गर्मीत नोको ठेवू. काढा तुम्ही."

"दादा..."

"माह्यासाठी थांबू नोका म्हनलं ना. मायले शेवटचं पानी तू पाज."

अर्ध्या तासाने विक्कीने कळवले की निघालो. अश्वजितने फोन सीटवर ठेवला. गाडीसमोर त्या झाडलेल्या मातीवर चपला काढून तो उत्तरेकडे तोंड करून उभा राहिला आणि हात जोडून मोठ्याने त्रिशरण म्हणू लागला. पंचशील म्हणताना आवाज फुटला, तरी त्याने एकही ओळ सोडली नाही. बायांना त्यातला एक शब्द कळत नव्हता. त्या हातातले काम ठेवून उभ्या राहिल्या. कोलूही दार धरून, सुजलेल्या पायावर भार देत खाली उतरला.

माती चांगलीच तापली होती. सगळे म्हणून होईपर्यंत त्याने पाय हलवले नाहीत.