अनंताचा वाफा

लेकीच्या सासरी, बेकरीच्या मागच्या अंगणात, अनंताचं रोप पिवळं पडत चाललं होतं. आमच्या दारच्या झाडाची फांदी लावून मीच ते वाढवून लेकीला दिलं होतं. फोनवर लेकीचा आवाज रडवेला झाला, म्हणून मी आलो. चार दिवसांत उरकतो म्हणालो होतो.

माती चोळून पाहिली आणि कारण कळलं. भट्टीची राख वर्षानुवर्षं तिथेच पडत होती. अनंताला आंबट माती लागते आणि राख तो आंबटपणा मारून टाकते. मी रोप कुंडीत काढलं, वाफा कोपरभर उकरला, जुनी माती फेकली. नव्या मातीत कुजलेला पाला, पाइनची वाळकी सुईसारखी पानं आणि थोडं गंधक मिसळलं. गंधक सावकाश मुरतं, म्हणून मुक्काम लांबला.

व्याही पायरीवर बसून बघायचे.

"व्याहीबुवा, इतकं मळू नका. फुगून वर येईल!"

"आला तर तुमच्याच भट्टीत घालू."

लेक म्हणाली, विहीणबाई गेल्यापासून हे असे बोललेच नव्हते. माझ्यापाशी मात्र त्यांची टकळी थांबेना. करपलेले पाव, दुखरे गुडघे, विहीणबाईंचं खुदुखुदु हसणं.

माती मात्र दाद देईना. ओल्या मातीत निळा लिटमस कागद धरला की आंबटपणाने जरा लाल व्हायचा, आणि आठवड्याभरात पुन्हा निळाच राहायचा. माझ्याच हाताचा गुण गेला असं वाटून मी हाय खाल्ली. "उद्या निघतो," लेकीला म्हणालो. "रोपही परत नेतो." ती कुंडीशी जाऊन बसली.

पहाटे वाफ्यावर शेवटची नजर टाकायला गेलो, तर व्याही बादली घेऊन उभे. पोळपाटावर पीठ भुरभुरावं तशी हलक्या हाताने राख पसरत होते.

"अहो, हे काय?"

"राख," ते म्हणाले. बादली लपवायला जागाच नव्हती.

"ती दिसतेय. पण का? मी तर आज रोप घेऊन निघालोय."

"माती झाली की तुम्ही जाणार. म्हणून म्हटलं, होऊच नये. तुम्ही रोपच उचलून निघाल, हे कुठे ठाऊक होतं?"

"मग राहा म्हणायचं होतं."

"कोणत्या तोंडाने? तुमची एकुलती एक लेक आणली. आता बापालाही ठेवून घेऊ?"

मला हसू आलं आणि डोळेही भरले. "आणि काल मलाच विचारत होतात, कागद अजून निळा कसा! चोर तो चोर, वर शिरजोर."

त्यांनी भट्टीचं फावडं आणलं. दोघांनी मिळून वरचा थर खरवडून काढला.

चहाच्या वेळी लेकीने विचारलं, "बाबा, बॅग दारात ठेवू?"

व्याही चहात पाव बुडवत म्हणाले, "गंधक अजून मुरलं नाही, म्हणजे माती जरा..."

"मातीला मध्ये घालू नका," मी म्हणालो. "सरळ बोला."

पावाचा तुकडा कपात गळून पडला, तरी ते तो धरल्यासारखेच बसून राहिले.

"राहा," ते म्हणाले. "रोप जगलं, तरी राहा."