तारीख आतल्या बाजूला

टायरवाल्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण त्यांच्याकडे हवा भरायला गेलेला माणूस शिकवणी घेतल्याशिवाय सुटत नसे. 'नक्षीवर भाळू नका, तारीख बघा' हे वाक्य त्यांनी दुकानाच्या भिंतीवर निळ्या रंगात हातभर मोठं लिहून घेतलं होतं. होडीचा ट्रेलर घेऊन आलेल्यांना तर दुप्पट शिकवणी. "मोटारीचा टायर झिजून मरतो, होडीच्या ट्रेलरचा उभ्या उभ्या मरतो," ते सांगत. "वर्षातले दहा महिने उन्हात एका जागी उभा. नक्षी कोरी करकरीत आणि रबर आतून गेलेलं. सहा वर्षं झाली की काढून टाका, मग दिसायला कितीही देखणा असू दे." मग मोटारीचे टायर ट्रेलरला का लावू नयेत, हवा सकाळी टायर थंड असतानाच का बघावी, उभं करताना चाकाखाली फळी का घालावी, सगळं यथासांग. लोक कंटाळत, पण ऐकत. उपदेश करणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत असता, तर जगातले निम्मे उपदेशक मुके झाले असते.

शनिवार होता. शनिवारी अकराच्या सुमाराला शाळेची मिनीबस दोन लांब होड्यांचा ट्रेलर ओढत दुकानावरून तलावाकडे जायची. पोरं खिडकीतून हात हलवायची, खेळाचे सर हॉर्न वाजवायचे. बाकीचे दुकानदार हात वर करायचे. मास्तरांना मात्र नेमकं त्याच वेळी आत काहीतरी शोधायचं असायचं. गेली चार वर्षं हे चाललं होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या दिवशी दहा वाजता दुकानापुढे त्यांच्या जावयाची गाडी थांबली. मागे ट्रेलर, ट्रेलरवर पांढरी होडी. जावई उतरला तो हसतच. मागच्या सीटवर पाच वर्षांची नात बसली होती, नारिंगी तरंगजाकीट घालून. पाणी अजून चाळीस किलोमीटर लांब होतं.

"रात्री झोपताना पण काढलं नाही तिनं," मास्तरांची लेक गाडीतून उतरत म्हणाली. "बाबा, माझा फोन लावा हो जरा चार्जिंगला. पाचच मिनिटं. मेलाय पार."

मास्तर तिला चिंगी म्हणत. एका पोरीची आई झाली तरी चिंगीच. ती याच दुकानात वाढली होती. आठव्या वर्षी गिऱ्हाइकांना टायरवरचे चार आकडे वाचून दाखवायची: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चूक कधी नाही. मास्तरांना तिचा इतका अभिमान वाटे की ते मुद्दाम गिऱ्हाइकासमोर तिला हाक मारत.

"कशी आहे?" जावयानं होडीवर थाप मारली. "परवाच घेतली. जुनी आहे, पण मालकानं जिवापाड जपलेली. आणि टायर बघा बाबा. नवेकोरे!"

मास्तर वाकले. नक्षी खरंच कोरी होती, साच्यातून निघताना राहतात ते रबराचे बारीक केससुद्धा शाबूत होते. मग त्यांची नजर व्हॉल्व्हवर गेली. त्यावर पितळी टोपी होती. पाण्याजवळ प्लॅस्टिकची टोपी तडकते म्हणून अख्ख्या पंचक्रोशीत पितळी टोपी लावणारा एकच माणूस होता. चाकाच्या प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाचा ठिपका होता, नट ढिला झाला तर लगेच कळावा म्हणून. तो ठिपकाही त्याच माणसाचा.

"ओळखलंत ना?" जावई म्हणाला. "मालक म्हणाला, टायर मास्तरांकडून बसवलेत. मी म्हटलं, मग बघायचंच काय! सासऱ्यांच्या हातचे टायर. तिथल्या तिथे सौदा पक्का केला."

टायरच्या बाहेरच्या बाजूवर नाव होतं, माप होतं, किती हवा भरायची ते होतं. तारीख नव्हती. तारीख टायरच्या एकाच बाजूला असते, आणि ती बाजू बसवणाऱ्यानं आत टाकली होती.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मागच्या खोलीत ट्रेलरचे आठ टायर सात वर्षं पडून होते. कुणी मागितलेच नव्हते. फेकायला हात धजेना. दिसायला इतके देखणे! होडीवाला वर्षातून चारदा तर ट्रेलर काढतो, काय होणार आहे, असं मास्तरांनी स्वतःला सांगितलं आणि एकेक करून आठही लावून टाकले, तारीख आत करून. जो माणूस भिंतीवर वाक्य लिहून ठेवतो त्याच्याकडे कोण खाली वाकून बघणार? कुणीच बघितलं नाही. म्हणजे आज हे टायर अकरा वर्षांचे होते.

ते हवा बघायच्या निमित्तानं गुडघ्यावर बसले आणि हात चाकाच्या मागे घातला. रिमजवळच्या रबरावर बोटं फिरवली. बारीक बारीक भेगा होत्या, टाचेला पडतात तशा. एकीत नख आत गेलं. दुसऱ्या चाकाचंही तेच. स्टेपनी ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला बांधली होती. तिच्यावरही पितळी टोपी.

दुकानात त्या मापाचे दोन नवे टायर होते, गेल्याच महिन्यात आलेले. अर्ध्या तासाचं काम. जॅक लावायचा, चाकं काढायची, बदलायची. त्यासाठी फक्त एक वाक्य बोलावं लागणार होतं. मास्तरांनी तोंड उघडलंसुद्धा.

"आज राहू द्या ना," ते म्हणाले. "ऊन फार आहे. उद्या पहाटे जा."

"अहो, तलावावर माझे मित्र येऊन थांबलेत!"

"मग ट्रेलर इथं ठेवा. नुसतेच जा."

"होडीशिवाय?" जावई खो खो हसला. "लग्नाला जायचं आणि नवरदेवाला घरी ठेवायचं?"

चिंगी हसली नाही. ती बापाकडे बघत होती. "बाबा, काही आहे का टायरमध्ये?"

हीच ती वेळ. लेक समोर, जावई समोर, मागे भिंतीवर निळी अक्षरं. मास्तरांना त्या क्षणी दिसलं ते टायर फुटणं नव्हतं. दिसला तो चिंगीचा चेहरा, वाक्य ऐकल्यानंतरचा. माणूस मरणाला भितो म्हणतात. छे! माणूस भितो ते आपल्याच माणसांसमोर उघडं पडायला.

"काही नाही," ते म्हणाले. "हवा कमी होती, पुरी भरली. वेग पन्नासच्या वर नेऊ नका. उतारावर तर चाळीसच."

नातीनं मागच्या काचेतून टाटा केला. नारिंगी ठिपका वळणाआड गेला.

मास्तर आत येऊन बसले. उठले. पाने जागेवर लावले, ते आधीच जागेवर होते. बाहेर डांबर तापून वास सुटला होता. बारा किलोमीटरवर तलावाकडे उतरणारा घाट लागत होता, सात वळणांचा, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला गुडघाभर उंचीचा कठडा. पुरी हवा, अकरा वर्षांचं रबर, वर होडीचं वजन, खाली तापलेला रस्ता. गिऱ्हाइकांना घाबरवायला ते हेच गणित मांडायचे. आता ते आपोआप मांडलं जात होतं आणि थांबत नव्हतं.

त्यांनी जावयाला फोन लावला. लागला नाही. घाटात लागत नाहीच. चिंगीला लावला. टेबलावर, त्यांच्या कोपराशीच, तिचा फोन थरथरायला लागला. चार्जिंगला लावलेला, विसरलेला. पडद्यावर 'बाबा' अशी अक्षरं येत होती आणि जात होती. मास्तर ती अक्षरं बघत राहिले, मग ताडकन उठले. दोन्ही नवे टायर, जॅक, पाना व्हॅनमध्ये टाकले आणि दुकान सताड उघडं टाकून निघाले.

चौथ्या किलोमीटरला रस्त्यावर काळी रबराची पट्टी पडली होती. मास्तरांनी ब्रेक दाबला. व्हॅन थांबवून बघितलं तर ट्रकच्या टायरची होती, कधीची तरी, धूळ खाल्लेली. ते मोठ्यानं हसले, एकटेच. सुटलो, असं वाटलं. साधा माणूस संकट टळल्यावर सुटलो म्हणतो; मास्तर संकट यायच्या आधीच म्हणत होते.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर दुसरी पट्टी दिसली. ही अरुंद होती आणि ताजी. तिच्यावर नक्षी कोरी करकरीत होती.

पुढच्या वळणावर ट्रेलर डोंगराच्या बाजूला कलंडला होता. होडी निम्मी रस्त्यावर सरकून तिची कूस फाटली होती. गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडानं कठड्याला टेकली होती, कठड्याचे दोन दगड खाली गेले होते. मास्तरांनी व्हॅन कशी थांबवली ते त्यांना कळलं नाही. त्यांचे डोळे एकच रंग शोधत होते. तो सापडला. नात रस्त्याकडेच्या दगडावर बसली होती, जाकिटात, गप्प. इतकी गप्प ती कधीच नसायची. मास्तर तिच्यापुढे गुडघ्यावर बसले, तिचे हात, पाय, डोकं चाचपलं, आणि त्यांना रडू कोसळलं.

"नशीब बलवत्तर, बाबा," जावई म्हणाला. त्यानं कपाळाला रुमाल दाबून धरला होता. "एक हात आणखी, की गेलोच होतो खाली. चाळीसवरच होतो हो! तुमच्या शब्दाबाहेर गेलो नाही. काहीतरी टोकदार लागलं असणार."

"टोकदार काही नाही," चिंगी म्हणाली.

ती कलंडलेल्या ट्रेलरपाशी उकिडवी बसली होती. वरचं चाक, न फुटलेलं, तिच्या छातीसमोर आलं होतं, आतली बाजू तिच्याकडे करून. ती बाजू आजवर कुणी बघितली नव्हती. तिनं ओढणीनं माती पुसली आणि चार आकड्यांवर बोट ठेवलं, लहानपणी ठेवायची तसंच. तिनं ते मोठ्यानं वाचले. चूक कधी नव्हती.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "बाबा, तारीख आत का आहे?"

जावयानं रुमाल खाली घेतला.

"दुकानात तुम्ही हात आत घातला होता. मी बघितलं. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "ती मागे बसली होती, बाबा."

"चिंगे, मी..."

"किती होते असे?"

"आठ."

"इथं स्टेपनी धरून तीन. बाकीचे पाच कुठं आहेत?"

मास्तरांनी नातीच्या जाकिटाचा बंद हातात धरला होता. तो त्यांनी सोडला. "एक आचाऱ्याच्या गाड्याला लावला," ते हळूच म्हणाले. "तो गाडा मोडीत गेला. चार... चार शाळेला."

चिंगी उभी राहिली. तिनं मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि मग घाटाच्या वर बघितलं. मास्तरांनाही शनिवारची बस तेव्हाच आठवली. दुकानातून निघताना त्यांना एकट्या आपल्या लेकीची आठवण झाली होती.

वरच्या वळणावर हॉर्न वाजला.

मास्तर धावले. त्यांचे गुडघे दोन वर्षांपासून जिना चढायला नाही म्हणत होते, पण ते चढावर धावले, दोन्ही हात वर करून, मधोमध. बस वळणावरून आली, करकचून थांबली. मागे ट्रेलर डुलला आणि स्थिरावला. खेळाच्या सरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पुढची होडी बघून ते हळहळले. "अरेरे! कुणाची हो? माणसं ठीक आहेत ना?"

"बस पुढे नेऊ नका," मास्तरांना धाप लागली होती. "तुमचे टायर जुने आहेत. अकरा वर्षांचे. मी बसवले, तारीख आत करून. मी फसवलं तुम्हाला."

वाक्य बाहेर पडलं होतं. लहानच होतं.

सरांनी त्यांच्याकडे बघितलं, मग मायेनं हसले. "मास्तर, घाबरलात तुम्ही. होतं असं, आपल्या माणसांचा अपघात बघितला की. तुम्ही आणि जुने टायर? आम्ही पोरांना तुमचं उदाहरण देतो." ते ड्रायव्हरकडे वळले. "होडीच्या कडेनं निघेल ना? खाली उतरलो की यांच्यासाठी मदत पाठवू."

"निघेल की," ड्रायव्हर म्हणाला आणि गियर टाकला. खिडक्यांतून वीस-बावीस पोरांनी मास्तरांना हात हलवून टाटा केला.

मास्तरांनी एकदा मागे बघितलं. चिंगी खालून चढ चढत येत होती, पण ती अजून लांब होती. मग ते बसच्या पुढच्या चाकासमोर तापलेल्या डांबरावर आडवे झाले.