दगडी गल्ल्यांसाठी घेतलेले बूट

शरयूचा फोन आला तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. ती आणि तिचा नवरा प्रल्हाद दुसऱ्यांदा इटलीला जाऊन आले होते. इथे परदेशात, श्रूजबरीतल्या आमच्या मराठी मंडळींचा जुना रिवाज असा की, प्रवासाहून परतलं की लोकांना घरी बोलवायचं, बटाटेवडे खायला घालायचे आणि सगळेच्या सगळे फोटो दाखवायचे. वड्यांच्या आशेने माणूस चारशे फोटो सोसतो.

"शेखर, उत्तराला घेऊन ये हं," शरयू म्हणाली. "आपण चौघंच आहोत, क्राउड नाही."

उत्तरा माझी बायको. तीस वर्षं शाळेच्या लायब्ररीत होती. कुठलं पुस्तक कुठल्या कप्प्यात, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायची. गेली तीन वर्षं तिला सकाळचं दुपारी आठवत नाही. मी भूल देणारा डॉक्टर. तासभर माणसाला सगळं विसरायला लावायचं आणि मग नीट जागं करायचं, एवढाच माझा धंदा. घरात मात्र माझं काही चालेना.

त्या शनिवारी दुपारी ती कपाटातून एक खोका घेऊन आली. आत पांढरे कॅनव्हासचे बूट, कोरे करकरीत. ते घालून ती निघायला तयार झाली.

दोन हजार चौदाच्या सप्टेंबरमध्ये आम्ही चौघं इटलीला जाणार होतो. रोम-व्हेनिसची धावपळ नाही, नुसती डोंगरमाथ्यावरची जुनी गावं, गाडी भाड्याने घेऊन, निवांत. उत्तराने एकेका गावाची टिपणं काढली होती आणि तिथल्या दगडी गल्ल्यांतून चालायला हे बूट घेतले होते. निघायला आठ दिवस उरले असताना मी ट्रिप कॅन्सल केली. आमच्या विभागाच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती, अशा वेळी आपण नजरेसमोर असलेलं बरं, असं मला वाटलं. खुर्ची शेवटी दुसऱ्यालाच मिळाली. शरयू तेव्हा म्हणाली होती, "मग उत्तराला तरी पाठव आमच्याबरोबर." त्यावर मी, चांगला शिकलेला, साठीला टेकलेला गृहस्थ, काय बोललो? "आणि माझ्या जेवणाचं काय?"

सगळे हसले. उत्तराही हसली. रात्री ती भरलेली बॅग रिकामी करत होती, तेव्हा मी म्हटलं, "पुढच्या वर्षी जाऊ गं. इटली कुठे पळून जातेय?" पुढच्या वर्षी पुतण्याची मुंज निघाली, त्याच्या पुढच्या वर्षी माझा गुडघा. बूट खोक्यातच राहिले.

शरयूच्या दारात सगळे पायताण काढतात. उत्तरा काढेना. "दगडी रस्ता आहे," ती म्हणाली, "पाय दुखतील." मी तिच्या नाड्या सोडायला वाकलो, तर शरयूने मला खांद्याला धरून उठवलं. तिच्या पांढऱ्या गालिच्यावर तिच्या जावयानेही कधी बुटाने पाऊल टाकलेलं नाही. उत्तरा बुटांसकट आत गेली आणि सोफ्यावर बसली.

प्रल्हादने टीव्हीवर फोटो लावले. "हे चिव्हिता. आमचं फेव्हरेट. टेकडीवर एवढंसं गाव, आणि जायला हा एकच लांब पूल. गाड्या अलाउड नाहीत."

"पुलावर वारा फार," उत्तरा म्हणाली. आत आल्यापासूनचं तिचं हे पहिलं वाक्य. "माझा निळा स्कार्फ उडाला होता."

स्कार्फ शरयूचा उडाला होता. आमच्याविना केलेल्या त्या पहिल्या ट्रिपनंतर याच सोफ्यावर बसून तिने तो किस्सा रंगवून सांगितला होता. उत्तरा तेव्हा वडा हातात धरून ऐकत होती. वडा गार झाला होता, हे मला आत्ता आठवलं.

मला राहवेना. "हो ना," मी म्हटलं, "मीच धावलो की त्याच्या मागे."

उत्तराने माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "तुम्ही कुठे होतात? तुम्हाला रजा नव्हती. मी ह्या दोघांबरोबर गेले होते. तुमचे अकरा दिवसांचे डबे भरून फ्रीझरमध्ये ठेवले होते की."

प्रल्हादचा रिमोट हातातच राहिला. शरयू तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "हो, आपण तिघंच होतो. शेखर नव्हता आला." ती माझ्याकडे बघत नव्हती.

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. माझी बायको अकरा दिवस सुखात होती, आणि त्यातल्या एकाही दिवशी मी तिच्याबरोबर नव्हतो. पुढचे फोटो मी पाहिले नाहीत. वडे मात्र खाल्ले, कारण ताटली समोर होती.

घरी आल्यावर तिला पलंगावर बसवलं आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. बुटांचे तळ अजून पांढरेच होते.

"छान होतं का गं ते गाव?" मी विचारलं.

"फार छान. सकाळी चर्चची घंटा वाजायची. एक म्हातारी दारात बसून शेंगा सोलायची. तुम्ही हवे होतात." माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मुलाची समजूत काढावी तसा.

"जाल हो तुम्हीपण," ती म्हणाली. "इटली कुठे पळून जातेय?"