पाच पावलं मागे

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात लाइनवाल्यांच्या घरात कुणी नवं काही आणत नाही. पडदे नाहीत, कुंड्या नाहीत, बाळाचा पाळणासुद्धा घडी करून गाडीत टाकता येईल असाच. रनीटाला हे सहा वर्षांत चार गावांनी शिकवलं होतं. टोलेडो चौथं.

तिचा नवरा ओझेल टिब्स अमेरिकन फुटबॉल खेळायचा, म्हणजे बहुतेक वेळ बसायचा. पाच धिप्पाड माणसं पुढे ओळीत, म्हणजे लाइनवर, उभी राहून चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवतात. त्यांतल्या कुणाचा गुडघा गेला, की बाकावरून उठून त्याच्या जागी उभं राहायचं, हा ओझेलचा धंदा. मंगळवारी दुपारी चारपर्यंत टीमला नव्वदांतली त्रेपन्न माणसं ठेवून बाकीची घरी पाठवायची होती. लाइनसाठी जागा नऊ. त्यांतल्या आठ ठरल्यात जमा होत्या. नवव्या जागेसाठी दोघं उरले होते: एकतीस वर्षांचा ओझेल आणि नेब्रास्काहून आलेला बावीस वर्षांचा टेट हॅल्वर्सन. टेट म्हणजे हलता डोंगर. पायानं चपळ, अंगात बैलाची ताकद. फक्त त्याला चेंडू मागे देता येत नव्हता.

आणि नवव्या माणसाला ते यावंच लागतं. ओळीतला मधला माणूस, सेंटर, वाकून दोन पायांमधून चेंडू पाच पावलं मागे क्वार्टरबॅकच्या हातात देतो आणि त्याच क्षणी समोरून येणाऱ्या धटिंगणाला अडवतो. ओझेलला ते झोपेतसुद्धा जमायचं. म्हणून तर तो अजून टिकून होता.

"त्याला शिकव," कोच डॉम्ब्रोव्स्की जुलैत ओझेलला म्हणाले होते. यावर नाही म्हणायची पद्धत नाही. आपली जागा घेणाऱ्याला आपणच शिकवायचं. ओझेललाही एका म्हाताऱ्यानं असंच शिकवलं होतं. म्हातारा म्हणजे तेहेतीस वर्षांचा. त्या वर्षी तो घरी गेला आणि ओझेल राहिला.

रविवारी दुपारी टेट नवख्यांच्या रिवाजाप्रमाणे तळलेल्या कोंबडीचं मोठं खोकं घेऊन आला आणि त्यातले अर्धे तुकडे स्वतःच संपवले.

"मक्या, बाळासाठी तरी ठेव," ओझेल म्हणाला. मक्याच्या शेतांच्या नेब्रास्काचा म्हणून त्याचं नाव मक्या.

"तिला दात कुठायत, सर?"

"मग तिच्या आईसाठी ठेव. तिला आहेत. मी अनुभव घेतलाय."

पाच महिन्यांची जोसी मेपलखाली चादरीवर पाय झाडत होती. रनीटा पाच पावलं मागे जाऊन उभी राहिली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि सहाही वर्षं सुटीच्या दिवसांत ओझेलचा चेंडू तीच झेलायची. घरात दुसरा क्वार्टरबॅक कुठून आणणार? बरोबर आलेला चेंडू तिच्या हातांना कळायचा. छातीशी येतो, शिवण बोटांखाली आपोआप बसते आणि तळव्यावर चपराक मारल्यासारखा आवाज होतो.

जुलैत टेटचे चेंडू कुंपणापलीकडे जायचे. शेजारच्या मिसेस कोवाचनी दोन तर परतच दिले नव्हते. आज मात्र पहिला आला तो थेट छातीशी. दुसराही. तिसऱ्यानं तळवे झणझणले. एकेका चपराकीबरोबर रनीटाची नजर पायरीवर बसलेल्या ओझेलकडे जात होती.

"कसा होता, मॅम?" टेटनं वाकूनच, दोन पायांमधून उलटं बघत विचारलं. चेहरा लालबुंद, लहान मुलासारखा आशाळभूत.

"खाली येतोय," ती म्हणाली. "अजून खूप खाली येतोय."

टेटचा चेहरा पडला.

"मक्या," ओझेल पायरीवरून म्हणाला, "ती खोटं बोलतेय. आवाज ऐकला मी. फार सुंदर होता."

टेट गेल्यावर ती स्वयंपाकघरात उगाचच भांडी आपटत राहिली. ओझेल जोसीला कपडे घालत होता. म्हणजे, झबल्याच्या गुंड्यांशी झटत होता. एप्रिलपासून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं बधिर होती. मानेत काहीतरी दबलं होतं. टीममध्ये कुणाला माहीत नव्हतं. चेंडू अजून जायचा तो जुन्या सवयीवर.

रनीटानं त्याच्या हातातून झबलं काढून घेतलं. "उद्या टीमच्या डॉक्टरला हात दाखव."

"नीटा..."

"जायबंदी माणसाला असं काढता येत नाही त्यांना. वर्षभर नाव राहील, उपचार होतील. तूच सांगितलं होतंस मला."

"आणि पुढच्या वर्षी? मान गेलेला सेंटर! एकदा कागदावर आलं की सगळ्या टीमांना कळतं. मग कोण बोलावणार?"

"आता कोण बोलावणारे?"

"सप्टेंबरात कुणाचा तरी गुडघा जातोच."

"शोभतं का रे हे? कुणाच्या तरी गुडघ्याची वाट बघत जगायचं?"

"सहा वर्षं तेच तर करतोय आपण," तो म्हणाला.

मंगळवारी सकाळी साडेनऊला मैदानावर ओझेलकडे निरोप्या आला. "कोच बोलावतायत. टॅबलेट बरोबर घे." सगळ्या चाली त्या टॅबलेटमध्ये असतात. तो घेऊन बोलावलं की पुढचं सांगावं लागत नाही. अकराला ओझेल घरी होता, टीमकडच्या कपाटातलं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशवीत.

"कोच काय म्हणाले?"

"म्हणाले, तू मला नववा माणूस घडवून दिलास. डोळे भरून आले होते त्यांचे. पन्नास वर्षांचा माणूस, रडताना अगदीच वाईट दिसतो."

"आणि डॉक्टर?"

जाताना तपासणी असते. माणसाच्या आकृतीचा कागद देतात, दुखतं तिथे फुली मारायची. ओझेलनं एकही मारली नव्हती.

"सही केलीस?"

"केली."

"कुठल्या हातानं?"

त्यानं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "डाव्या," आणि हसला. रनीटाला हसता आलं नाही. तिनं जोसीला त्याच्या मांडीवर दिलं आणि मोरीचा नळ सोडून उभी राहिली.

नऊ दिवस फोन आला नाही. ओझेल तो अंघोळीलाही बरोबर न्यायचा. दहाव्या दिवशी, नाश्त्याच्या वेळी, वाजला. दक्षिणेतली एक टीम. एकाच आठवड्यात त्यांचे दोन सेंटर जायबंदी झाले होते. उद्या सकाळी या, थोडे चेंडू देऊन दाखवा. आज दुपारपर्यंत कळवा, तिकीट काढतो.

ओझेल आधी जोसीला उचलून गरगर फिरला. मग तिला खाली ठेवलं आणि चेंडू शोधून आणला.

"चल, नीटा."

ती पाच पावलं मागे उभी राहिली. तो वाकला. ती रुंद पाठ, डाव्या खांद्यावरचा जुना व्रण, सगळं ओळखीचं. पहिला चेंडू तिच्या नडगीवर आदळला. दुसरा डोक्यावरून मिसेस कोवाचांकडे गेला. चेंडू परत आणायला ओझेलच गेला, आणि येताना हात मांडीवर चोळत आला.

तिसरा आला. छातीशी आला, शिवणही बोटांखाली बसली. पण आवाज झाला नाही. लहान मुलाच्या हातात द्यावा तसा, हळूच, तरंगत आला.

"कसा होता?"

एक शब्द पुरला असता. ती खोटं बोलली असती तरी तो या वेळी मानणार होता. तिला ते त्याच्या पाठीवरूनच दिसत होतं.

"हळू आला," ती म्हणाली. "तो माझ्या हातात पडेपर्यंत समोरचा माणूस तुला तुडवून माझ्यापर्यंत आला असता, ओझेल. तुझी मान..."

तो सरळ झालाच नाही. मूठ गवतात रोवून तसाच वाकून राहिला. ती जवळ गेली, पाठीवर हात ठेवला. पाठ हलत होती. जोसी चादरीवर स्वतःशीच काहीतरी बडबडत होती.

बऱ्याच वेळानं त्यानं डाव्या हातानं खिशातून फोन काढला.

"ओझेल टिब्स बोलतोय. तिकीट काढू नका, सर," तो म्हणाला. "माझा हात चालत नाही."

पलीकडून कुणी काहीतरी विचारलं असावं.

"एप्रिलपासून," ओझेल म्हणाला.